गाडी घ्यावी का बस-मेट्रोनंच जावं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगी चार वर्षांची आहे. माझं ऑफिस 14 किलोमीटरवर. आधी बस, मग मेट्रो, मग थोडं चालणं असं सगळं धरून 70 मिनिटं लागतात, ऑफिसातली मैत्रीण त्याच भागातून गाडीनं येते तिला 50 लागतात. डाउन पेमेंटपुरते पैसे साठलेत आणि आता घरात रोज हाच विषय. नवरा म्हणतो घेऊन टाकू, पेट्रोलला जेवढं लागेल तेवढंच आपण तिकिटांना घालतोय. मला का कोण जाणे धीर होत नाहीये. काय करू?

उत्तर : तुमचा धीर होत नाहीये त्यामागे कारण आहे, ते आधी सांगते. पेट्रोल आणि तिकीट ही तुलनाच मुळात चुकतेय. तिकीट काढलं की तुमचा खर्च तिथंच संपतो, गाडीचं तसं नाही. तिचा एक खर्च ती चालली की होतो आणि दुसरा ती नुसती दारात उभी असली तरी होतच राहतो, म्हणजे ईएमआय, इन्शुरन्स, पार्किंगचं भाडं, वर्षाचं सर्व्हिसिंग, आणि ज्याची पावती कधीच हातात येत नाही तो घसारा, नवीन गाडीची किंमत पहिल्याच वर्षात सगळ्यात जास्त उतरते. शहरात रोज दोन तास जरी गाडी चालवली तरी 24 पैकी 22 तास ती उभीच असते आणि हा दुसरा खर्च त्या 22 तासांचाही लागतो.

आता यातला महत्त्वाचा भाग, तो नवऱ्यालाही वाचून दाखवा. एकदा गाडी घेतली की ईएमआय आणि इन्शुरन्स जाणारच असतात, गाडी काढा नाहीतर नका काढू. मग रोज सकाळी दारातून बाहेर पडताना तुमच्यासमोर खरंच फक्त पेट्रोल विरुद्ध तिकीट एवढाच हिशोब उरतो आणि त्यात गाडी बहुतेक वेळा जिंकते. म्हणून "घेऊ, पण रोज बसनंच जाऊ, गाडी फक्त रविवारी काढू" असं ठरवलेल्या घरांमध्ये सहा महिन्यांत रोज गाडी निघायला लागते, आणि त्यात त्यांचा मनाचा कच्चेपणा नसतो, हिशोबच तसा होऊन बसतो. त्यामुळे जो काय विचार करायचा तो बुकिंगच्या आधी.

वेळेचं बघू. रोज जाता-येता 40 मिनिटं वाचली आणि महिन्याचे 22 दिवस धरले तर साडेचौदा तासांच्या वर होतात. चार वर्षांची मुलगी घरी वाट बघत असताना हे थोडे नाहीत, "बसमध्ये पुस्तक वाचा" असलं काही सांगून मी ते उडवून लावणार नाही. फक्त मैत्रिणीला एकदा नीट विचारा की ती 50 मिनिटं कुठून कुठपर्यंत मोजते. बरेच जण गाडी सुरू केल्यापासून ऑफिसच्या गेटपर्यंत मोजतात, त्यात पार्किंग शोधणं आणि तिथून चालत येणं धरतच नाहीत, आणि आपण बसचं मोजताना मात्र चप्पल घातल्यापासून मोजतो. तुमच्या 70 मधली ताटकळण्यात किती जातात तेही बघा. बस दर 20 मिनिटांनी असेल तर वेळ न बघता गेल्यावर सरासरी 10 मिनिटं उभं राहावं लागतं, 8 मिनिटांनी असेल तर 4. स्टॉप बदलून, पाच मिनिटं जास्त चालून, जास्त फेऱ्या असलेल्या रस्त्यावरून बस धरली तर एवढ्यानंच पुष्कळ फरक पडतो, करून बघा.

मी स्वतः गाडी घ्यायच्या आधी एक महिना वही लिहिली होती. साधी शाळेची दोनशे पानी वही, दाराजवळच्या खुंटीला पेनासकट लटकवलेली, घरातलं कुणीही बाहेरून आलं की चप्पल काढता काढता एक ओळ लिहायचं : कुठं गेलो, किती वाजता, बरोबर कोण, सामान काय, आणि शेवटी एक खूण, बस-मेट्रोनं जमलं की नाही. महिनाभरात 71 ओळी झाल्या आणि त्यात "नाही जमलं" अशा फक्त 9. दोन रात्री उशिराच्या, एकदा लेकीला ताप, बाकीच्या जड सामानाच्या किंवा म्हाताऱ्या माणसांना न्यायच्या. त्या नऊ वेळच्या टॅक्सीचं भाडं बेरीज करून ईएमआय, इन्शुरन्स आणि पार्किंगच्या शेजारी मांडलं तर ते निम्म्याहून कमी निघालं. आम्ही तीन वर्षं थांबलो. मग घर बदललं, नव्या घराजवळची शेवटची बस नऊलाच जायची, वही परत लिहिली तर खुणा उलट्या पडायला लागल्या आणि मग गाडी घेतली. दोन्ही निर्णय मला आजही बरोबर वाटतात.

तुम्ही याच्याही एक पाऊल पुढं जा. पुढचे तीन महिने असं समजा की गाडी घेतलीच आहे, ईएमआय अधिक इन्शुरन्सचा महिन्याचा वाटा अधिक पार्किंग एवढी रक्कम दर एक तारखेला वेगळ्या खात्यात टाका आणि जिथं जिथं बसनं अडतं, मुलगी झोपलीय, पाऊस आहे, जीव दमलाय, तिथं त्या पैशातून टॅक्सी करा, मन न खाता. हे मुद्दाम म्हणतेय, कारण हजारोंचा हप्ता आपण डोळे मिटून भरतो पण आठवड्यातून दोनदा टॅक्सी केली की उधळपट्टी केल्यासारखं वाटतं. तीन महिन्यांनी खातं बघा. पैसे उरले आणि तुमची ओढाताण कमी झाली तर गाडीची घाई नाही. खातं रिकामं झालं, वर तुम्ही अजून दमलेल्याच आहात, तर खुशाल घ्या, उगाच अपराधी वाटून घेऊ नका.

आणि हो, गाडी ठेवणार कुठं? जपानमध्ये 1962 पासून कायदाच आहे, गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा, स्वतःची किंवा भाड्याची, असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय बहुतेक भागांत गाडी नावावर होत नाही. आपल्याला कुणी विचारत नसलं तरी आपणच स्वतःला विचारायचं, रोज रात्री आठ वाजता दमून आल्यावर ती कुठं लावणार?

प्रश्न : रिटायर झाल्यापासून माझी गाडी दोन-तीन आठवड्यांतून एकदा निघते. यंदा दोनदा बॅटरी उतरली. जवळच मेट्रो आली आहे, मला ती आवडतेही. पण विकायला मन होत नाही, आठ वर्षांची सोबत आहे. उभी असली तर काय बिघडतंय असं वाटतं.

उत्तर : दादा, सोबतीचं मला कळतं, पण उभ्या गाडीचं बरंच बिघडतं. गाडी बंद असली तरी लॉक आणि अलार्म बॅटरीतून थोडा थोडा करंट घेतच असतात, म्हणून ती उतरते, आणि जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवल्यानं ती नीट चार्ज होत नाही. उलट इंजिन पुरतं तापायच्या आत बंद केलं की आतला ओलावा ऑइलमध्ये तसाच राहतो. टायर एकाच जागी दबून राहतात आणि न झिजताही म्हातारे होतात. खाली वाकून टायरच्या बाजूवर बघा, एका छोट्या चौकटीत चार आकडे असतात, 2317 असेल तर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. दहा वर्षांकडे निघालेला टायर नक्षी शाबूत असली तरी भरवशाचा राहिलेला नसतो. तेव्हा एकतर दर आठवड्याला अर्धा तास चांगली पळवा, नाहीतर विकून टाका. तिसरा रस्ता, म्हणजे ठेवायची पण चालवायची नाही, त्यात पैसेही जातात आणि गाडीही. तुम्हाला मेट्रो आवडते म्हणताय तर मी विका असंच म्हणेन, तिचं सगळं सुरळीत चालतंय तोवर आणि ती चालवणारं कुणीतरी मिळतंय तोवर.

प्रश्न : आईचे दोन्ही गुडघे गेलेत, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. बसची पायरी चढता येत नाही, टॅक्सी कधी मिळते कधी नाही. गाडी घेतोय म्हटलं तर भाऊ म्हणतो चैन आहे.

उत्तर : चैन नाही, घ्या. आठवड्याला तीन फेऱ्या, त्याही ठरलेल्या वेळेच्या, आणि माणूस असं की ज्याला रस्त्यात उभं राहून वाट बघता येत नाही, याच्यासाठीच गाडी असते. फक्त शोरूममध्ये आईंना बरोबर न्या आणि प्रत्यक्ष बसवून बघा. गुडघे दुखणारं माणूस आधी सीटवर टेकतं, मग वळून एकेक पाय आत घेतं, म्हणून सीट फार खाली नको आणि फार वरही नको, साधारण उभ्या उभ्या टेकता येईल एवढी. दार किती उघडतं आणि वर धरायला हँडल आहे का ते बघा. बाकीचं फीचर-बिचर नंतर.

प्रश्न : मला गाडी परवडते पण मी मुद्दाम बसनं जातो. सगळे हसतात, म्हणतात तुझ्या एकट्यानं काय ट्रॅफिक कमी होणारे? कधी कधी मलाही तसंच वाटतं.

उत्तर : साधा गुणाकार करू. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर 40 जणांना 27 गाड्या लागतात, हळू चालणाऱ्या रस्त्यावर एका गाडीला पुढच्या अंतरासकट सात मीटर धरले तर ती रांग होते 189 मीटरची. तेच 40 जण 12 मीटरच्या एका बसमध्ये. त्या रांगेतले तुमचे सात मीटर तुम्ही रोज मोकळे सोडताय. दुसरं असं की बसचा प्रवासी वाढला की फेऱ्या वाढवणं परवडतं आणि फेऱ्या वाढल्या की सगळ्यांचंच थांबणं कमी होतं, हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1972 मध्येच हे गणितानं मांडून दाखवलंय. उलटंही होतं, लोक बस सोडतात, फेऱ्या कमी होतात, मग उरलेलेही सोडतात.

एकट्यानं सगळं होत नाही हे मात्र खरं, रस्त्याचे नियमही बदलावे लागतात. स्टॉकहोममध्ये आधी 2005 मध्ये जास्तीच्या बस आणल्या आणि मग जानेवारी ते जुलै 2006 शहराच्या मध्यभागात गाडीनं ये-जा करण्यावर शुल्क लावून बघितलं. सुरुवातीला लोक चिडले होते, पण त्या हद्दीवरची वाहनं पाचव्या हिश्श्यानं कमी झाली आणि सप्टेंबरच्या मतदानात शहरातल्या बहुमतानं ते ठेवा म्हणून सांगितलं.

तुम्ही रोज बसनं जाताच आहात तर एक करा. बस उशिरा आली की फोनमध्ये तारीख, रूट, स्टॉप आणि ठरलेली व आलेली वेळ टिपून ठेवा आणि महिनाअखेरीला ती यादी परिवहन विभागाला लेखी पाठवा, स्टॉपवर रोज भेटणाऱ्या चार-पाच जणांच्या सह्या घेऊन. "बस कधीच वेळेवर येत नाही" अशा तक्रारीला काहीतरी ठरावीक उत्तर येतं, पण अमुक स्टॉपवर साडेआठची बस महिन्यात अकरा वेळा आलीच नाही असं कागदावर असलं की कुणालातरी वेळापत्रक उघडून बघावं लागतं.