पदाच्या रकान्यात काय लिहिशील?

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा आलं, दोनदा वाचलं. पहाटे तीनला पोटातल्या बाळाचे ठोके शंभरापर्यंत उतरले, तू निवासी डॉक्टरांना उठवलंस, ते ‘बघू’ म्हणाले. तू पुन्हा उठवलंस आणि वेळ घालून सगळं केसपेपरवर लिहिलंस. सिझर झालं, बाळ रडलं. सकाळच्या राउंडला मात्र सगळ्यांदेखत तुला ऐकवलं गेलं की सिस्टरनं सिस्टरसारखं राहावं. इथपर्यंत मी तुझ्या बाजूनं होते. पुढचं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ‘एम.पी.एच. केलं की निदान कुणी नर्स तरी म्हणणार नाही.’

सार्वजनिक आरोग्यातली ती पदवी, एम.पी.एच. कर. जरूर कर. माझं भांडण त्या ‘निदान’शी आहे.

धीर देत बसणार नाही. डॉक्टरला एका रात्रीत दोनदा उठवणारीला मी काय धीर देणार? त्यापेक्षा एका बाईबद्दल सांगते. वर्गात शिकवायची राहून गेली. आपण नाइटिंगेलची शपथ म्हणवून घेतो, दिवा लावतो आणि दुसऱ्या दिवशी इंजेक्शनच्या कोनावर जातो. त्या एका दिव्यापलीकडे आपल्याला पूर्वजच नाहीत की काय, कोण जाणे.

निटा बॅरो. बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर १९१६ साली जन्मली. बेट केवढं, तर मुंबईहूनही लहान. १९३५ साली ब्रिजटाउनच्या सरकारी रुग्णालयात नर्सिंगला लागली. सुईणपणाचं शिक्षण घ्यायला समुद्र ओलांडून त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनला गेली. मग महायुद्धाच्या काळात टोरँटोला जाऊन काय शिकली असेल? पब्लिक हेल्थ. म्हणजे तू आज जे करायला निघाली आहेस तेच, ऐंशी वर्षांपूर्वी. फरक एवढाच की नर्सिंग मागे टाकायला ती तिकडे गेली नव्हती. परतून जमैकात नर्सनाच शिकवायला उभी राहिली. १९५४ साली मोना इथल्या नव्या विद्यापीठ रुग्णालयाची मेट्रन झाली, त्या खुर्चीवर बसलेली पहिली वेस्ट इंडियन बाई. इंग्रजांचं राज्य तेव्हा संपलेलं नव्हतं. मेट्रन म्हणजे इंग्लंडहून आलेली गोरी बाई, हे लोकांनी गृहीतच धरलेलं. दोन वर्षांत ती जमैका सरकारची मुख्य परिचर्या अधिकारी झाली.

तिचा भाऊ एरल बॅरो पुढे बार्बाडोसचा पहिला पंतप्रधान झाला. यावर तू लगेच म्हणशील, मग काय, घरचंच वजन! जरा साल बघ. भाऊ सत्तेवर आला १९६१ मध्ये. ही त्याच्या पाच वर्षं आधी एका अख्ख्या देशाच्या नर्सिंगची प्रमुख होती. आणि एवढं झाल्यावरही पंचेचाळिशी ओलांडल्यावर कोलंबिया विद्यापीठातून पदवी घेतली ती कशाची? पुन्हा नर्सिंगचीच. कुठंही जा, पण नर्स म्हणून जा, असं मी तुम्हाला वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावर खुसखुस व्हायची. तूही त्यात होतीस, मला ठाऊक आहे.

पुढचा भाग आपल्या अंगणातला आहे. १९७० च्या दशकात ती जिनिव्हाला, चर्चच्या जागतिक परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनमध्ये गेली आणि १९७५ पासून संचालक होती. मोठमोठी रुग्णालयं उभी राहतात आणि गावातली माणसं किरकोळ आजारानं मरतात, हे दुखणं त्या कमिशननं धरलं होतं. जगभरातली जी थोडी कामं त्यांनी उचलून धरली त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या जामखेडचं काम होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेलं. शाळा न पाहिलेल्या, पुष्कळदा ज्यांच्या हातचं पाणीही गाव पीत नव्हतं अशा बायका तिथे आरोग्याचं काम शिकल्या, बाळंतपणं करू लागल्या. १९७८ साली सोव्हिएत संघातल्या अल्मा-आताला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ जाहीर झालं, त्यामागच्या विचाराला असल्या कामांचा आधार होता. अडाणी बाईला बाळंतपण काय कळणार, असं म्हणणारे डॉक्टर मी ढीगभर पाहिले. सुईणीला हा प्रश्न पडत नाही, तिनं रात्रभर अशा बायकांबरोबर काढलेली असते. जिनिव्हातल्या त्या खुर्चीत एक सुईण बसली होती, हा मला योगायोग वाटत नाही. तुला वाटत असेल तर वाटू दे.

मी जामखेडला गेले होते, शिकाऊ होते तेव्हा. तिथल्या एका आजीनं माझा हात धरून बाईच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, “डोळे मिटून बघ.” डोकं कुठे, पाठ कुठे, हे मला पुस्तकानं शिकवलं नाही.

बॅरोचं पुढचं भराभर सांगते, कारण पदांच्या यादीला तू भुलशील. १९८५ ला नैरोबीत जगभरच्या स्त्री-संघटनांचा मेळा भरला, त्याची सूत्रं तिच्याकडे होती. १९८६ ला वर्णभेदावर बोलणी करायला राष्ट्रकुलानं सात जण दक्षिण आफ्रिकेला धाडले. त्यात आपले सरदार स्वर्णसिंग होते, माजी पंतप्रधान होते, माजी लष्करशहा होते आणि बाई एकटी निटा. पोल्समूरच्या तुरुंगात जाऊन ते मंडेलांना भेटले. बोलणी चालू असतानाच दक्षिण आफ्रिकेच्या फौजेनं तीन शेजारी देशांवर हल्ले केले आणि सगळं फिसकटलं. १९८८ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्षपदाला उभी राहिली आणि हरली. १९९० ला बार्बाडोसची गव्हर्नर-जनरल, म्हणजे इंग्लंडच्या राणीची तिथली प्रतिनिधी झाली, पहिली बाई. १९९५ च्या डिसेंबरात गेली ती त्या पदावर असतानाच. पायऱ्या मोजू नकोस. जिना कशाचा होता ते बघ.

आता माझं. हे तुमच्या बॅचला कधी सांगितलं नाही.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी प्रशिक्षणाच्या कामावर होते. एका बैठकीत गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांच्या इमारतींचा आराखडा आला. प्रसूतीची खोली काढलेली होती. टेबलाचा पायथा थेट दाराकडे, संडास व्हरांड्याच्या पार टोकाला. वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या बाईला ते कागदावर बघूनच कसंसं व्हावं. हजेरीचा कागद फिरत आला. नाव, पद, सही. पदाच्या रकान्यात मी ‘प्रशिक्षण समन्वयक’ लिहिलं. अधिपरिचारिका, परिसेविका, पाठ्यनिर्देशिका, हे सगळं मी होऊन गेले होते, त्यातलं काही नाही. छान वाटलं लिहिताना. मग त्या खोलीत सुईण कुणीच नव्हती, म्हणून सुईणीला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. चहा झाला, आराखडा मंजूर.

तू म्हणशील, बोलायचं होतं ना! बाई गं, निवृत्तीला तीन वर्षं होती. घरात ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. समोर अभियंते, वरिष्ठ, सगळे घाईत. मी बोलले असते तरी टेबल फिरलं असतं याची खात्री नाही. खरंच नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा समजावलंय की आता पाठ झालंय. पण पुढे एका उपकेंद्रात गेले तर नर्सताईंनी दाराला जुनी साडी बांधलेली. “बाहेर पुरुष बसतात ना मॅडम,” म्हणाल्या. त्या साडीला गाठ मारायची वेळ माझ्यामुळे आली. हे कुठलंही डायलिसिस पुसत नाही.

म्हणून त्या ‘निदान’चा मला राग आला. तुझा नाही, माझाच असेल. तुला वाटतं, नर्स हे नाव गेलं की अपमान जाईल. जात असेल. पण त्याबरोबर, ठोके शंभरावर आलेत हे सांगायचा तुझा हक्कही जातो. डॉक्टरनं ऐकलं नाही म्हणतेस, पण केसपेपरवर तुझी वेळ आणि तुझी सही आहे ना? ती नर्सची सही आहे. समन्वयकाची असती तर कुणी पानही उलटलं नसतं.

प्रवेशाच्या अर्जाचा मसुदा पाठवलास तो परत करते आहे. पहिल्या परिच्छेदात ‘आरोग्य क्षेत्रातील अनुभव’ म्हणजे काय? कसला अनुभव? किती बाळंतपणं केलीस, किती रात्री काढल्यास, ते आकडे घाल. लॉगबुक आहे ना? पुन्हा लिही, रविवारपर्यंत पाठव. इंग्रजी मी तपासणार नाही, ते तुझं माझ्यापेक्षा बरं आहे.

आणि एक. तीन पानी पत्रात डॉक्टर आले, इन्चार्ज आली, तू आलीस, मी आले. ती बाळंतीण कशी आहे? टाके सुकले का? बाळ अंगावर पितंय का? एक ओळ नाही. पुढच्या पत्रात ते आधी लिही.

तुझी,
मॅडम