बांधकाम कंपनीला परदेशात रेप्रेझेंटेटिव्ह ऑफिस उघडायला काय लागतं?

पहिलं हे पक्कं करा की तुम्हाला तिथे काम घ्यायचंय की फक्त ओळखी, माहिती आणि टेंडरवर नजर ठेवायचीय, कारण रेप्रेझेंटेटिव्ह ऑफिसला बहुतेक देशांत कमाई करता येत नाही, बिल फाडता येत नाही, जबाबदारी सगळी मूळ कंपनीचीच. कागद म्हणाल तर कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, बोर्डाचा ठराव, तिथल्या माणसाच्या नावाने मुखत्यारपत्र, त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून सरकारी शिक्का (1961 च्या हेग करारातले देश असतील तर, नाहीतर वकिलातीचा शिक्का) आणि अधिकृत भाषांतर.

खरी गोची टॅक्सची आहे हो! साइट सुरू झाली की ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) नमुना कर-करारात 12 महिन्यांपेक्षा जास्त आणि यूएनच्या नमुन्यात 6 महिन्यांपेक्षा जास्त चालली तर कायमस्वरूपी आस्थापना धरतात, म्हणजे त्या साइटचा नफा तिथेही करपात्र. त्यामुळे दोन देशांमधला कर-करार आधी वाचाच, आणि काम घ्यायचं असेल तर सरळ ब्रँच किंवा सबसिडियरी (उपकंपनी) काढा, कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स वेगळं लागतं ते धरून.