बीए समाजशास्त्राच्या चौथ्या वर्षाचा प्रबंध वेळेत कसा पूर्ण करावा?

चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' (म्हणजे संशोधन-प्रबंधासह ऑनर्स पदवी) घेतलं असेल, तर आधी विषय लहान करा. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात प्रबंधाला 12 क्रेडिट आहेत. तेवढ्यात 'ग्रामीण स्त्रियांची स्थिती' मावत नाही. 'आमच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांची कमाई कशी खर्चायची, हे घरात कोण ठरवतं' एवढं मावतं. तुलनेला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (2019-21) आहेच, त्यात नेमका हाच प्रश्न विवाहित कमावत्या स्त्रियांना विचारलाय.

मुलाखती सकाळी माल लावून झाल्यावर, गर्दी व्हायच्या आत घ्या. गिऱ्हाईक समोर असताना कुणी घरातलं बोलत नाही. रेकॉर्डिंगची परवानगी आधी मागा, प्रबंधात नावं बदला. खरा वेळ खातं ते रेकॉर्डिंग उतरवून काढणं. तासाभराच्या बोलण्याला चार-पाच तास सहज जातात, म्हणून ते त्याच आठवड्यात उरका. साठलं की वर्ष हातातून गेलंच समजा.

पद्धतीचं प्रकरण क्षेत्रकार्य चालू असतानाच लिहा, प्रस्तावना शेवटी. आणि मार्गदर्शकांकडे नुसत्या चर्चेला जाऊ नका, दोन पानं का होईना, लिहून न्या. गाडी कुठे अडलीय ते त्यांना कागदावरच दिसतं.