कागायान दे ओरोला येताय? घराआधी नदी बघा

तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांना फिलिपिन्समधल्या कागायान दे ओरोच्या एका कारखान्यात नोकरी मिळतेय, मुलगा सहा वर्षांचा आहे, शहर कसं आहे, शाळा कशा आहेत, करमेल का, असं विचारलंय तुम्ही. चार ओळी लिहून थांबणार होते, पण थांबता येत नाहीये. २०१० मध्ये आम्ही सांगलीहून इथे आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती आणि हे सगळं विचारायला मला कुणीच नव्हतं.

व्हिसा, वर्क परमिट, फी याबद्दल मी लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि बरंचसं काम कंपनी करून देते. एसीआर कार्ड (परदेशी रहिवाशाचं इथलं ओळखपत्र) मिळालं की दरवर्षी पहिल्या ६० दिवसांत इमिग्रेशनला हजेरी लावावी लागते, एवढं ध्यानात ठेवा. त्याचा त्रास नाही. त्रास आहे तो नावाचा, आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही.

आपल्याकडे मुलाचं मधलं नाव वडिलांचं. इथे त्या रकान्यात आईचं माहेरचं आडनाव येतं, आणि ते जवळजवळ प्रत्येकाचं असतं, त्यामुळे शाळेतल्या माणसाला दुसरी पद्धत असू शकते हे सुचतच नाही. मुलीच्या प्रवेशअर्जात आईचं माहेरचं आडनाव विचारलं होतं, ते मी भरलं. ऑफिसातून ते उचलून मुलीच्या मधल्या नावात टाकलं गेलं आणि तिच्या वडिलांचं नाव गळलं. पहिल्या प्रगतिपुस्तकावर ते दिसलं तेव्हाच मी पासपोर्ट घेऊन गेले. "पुढच्या वर्षी दुरुस्त होईल, मॅम," असं अतिशय गोड हसून सांगितलं. इथे कुणी आवाज चढवत नाही, नाहीही म्हणत नाही, म्हणून भांडायलाही जागा राहत नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. २०१७ मध्ये सहावीचा पदवीदान समारंभ झाला (प्राथमिक शाळा संपल्याचा हा सोहळा इथे फार मोठा असतो) तेव्हा मंचावर जे नाव पुकारलं त्या नावाची मुलगी कुठल्याच पासपोर्टवर नव्हती. नंतर वकिलाकडून प्रतिज्ञापत्र, मग नव्या शाळेत पुन्हा तेच स्पष्टीकरण. अजून तो विषय निघाला की माझं डोकं तापतं.

आणि हेही सांगून टाकते, कारण ते कुणालाच सांगितलेलं नाही. लग्नानंतर माझं माहेरचं आडनाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. ते त्या हॉलमध्ये माईकवरून ऐकू आलं, आणि सांगलीत बाबा फोनवर बघत होते. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. मी चिडलेलीच होते, पण आतून फार बरं वाटलं होतं. त्या दोन्ही गोष्टी मला आजपर्यंत वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

तुम्ही मात्र भारतातून निघण्याआधीच मुलाचा जन्मदाखला अपॉस्टिल करून घ्या (म्हणजे तो परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घ्या) आणि अर्जाच्या वरच्या बाजूला पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहून त्याच्या प्रतीवर शाळेची सही घ्या.

शाळेतल्या भाषांचं असं आहे की रस्त्यावर, बाजारात, मैदानात सगळे बिसाया बोलतात. शाळेतला 'फिलिपिनो' विषय टागालोगवर, म्हणजे मनिलाकडच्या भाषेवर बेतलेला. म्हणजे मूल खेळताना एक भाषा शिकणार आणि परीक्षा दुसरीची देणार. माझ्या मुलीला त्या विषयात कायम कमी गुण. तिच्या इथल्याच मैत्रिणींनाही तो सोपा जात नसे हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि तोवर मी तिला घरी बसवून घोकायला लावत होते. गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. सहाव्या वर्षी आलेलं मूल यातून सुखरूप निघतं. बारा वर्षांचं असतं तर मी तुम्हाला दोनदा विचार करा म्हटलं असतं.

आता शहराबद्दल. हे फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाच्या उत्तर भागातलं, माकाहालार उपसागराला मिळणाऱ्या नदीचं शहर आहे. जुनी वस्ती हिमोलोगान नावाची, नदीच्या वरच्या अंगाला हुलुगाच्या कड्यावर होती. १६२२ मध्ये रेकलेक्ट पंथाचे स्पॅनिश धर्मगुरू तिथे पोचले. तिथला दातू (सरदार) सालांगसांग तेव्हा मागिंदानाओच्या सुलतान कुदरातला खंडणी देत असे. पुढे लोक कड्यावरून खाली, आज जिथे कॅथेड्रल आणि गॅस्टन पार्क आहे तिथे, नदीकाठी उतरले. मी हुलुगाकडे गेले की माझ्या मनात येतंच की आधीची माणसं उंचावर राहत होती. त्यांनी का उंचावर राहायचं ठरवलं हे मला इतिहासातून नाही, २०११ मध्ये समजलं.

बाकीचं थोडक्यात: कॅथेड्रलजवळच्या १९२२ च्या जुन्या पाण्याच्या टाकीत आता शहराचं संग्रहालय आहे, ते बघा. १९०० मध्ये इथल्या लोकांनी अमेरिकन सैन्याशी माकाहांबूसच्या घळीत लढून विजय मिळवला, ती गुहा आणि घळ मुलाला नक्की आवडेल. मार्च १९४२ मध्ये अमेरिकन जनरल मॅकआर्थर मनिलाजवळच्या कॉरेहिदोर बेटावरून बोटीने इथल्याच बंदरात उतरला आणि वर डोंगराळ बुकिदनोन प्रांतातल्या अननसाच्या मळ्यांजवळच्या धावपट्टीवरून ऑस्ट्रेलियाला गेला. १५ जून १९५० ला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा 'कागायान दे मिसामिस'चं 'कागायान दे ओरो' झालं. जेझुइटांचं झेवियर विद्यापीठ इथलं मोठं नाव. ज्या संताच्या नावाने ते आहे त्याचं पार्थिव जुन्या गोव्यात, हे सांगितलं की इथली वयस्कर माणसं खुर्ची पुढे ओढून बसतात. नदीच्या वरच्या भागात राफ्टिंग चालतं, त्यासाठी लांबून लोक येतात.

तीच नदी १६ डिसेंबर २०११ च्या रात्री वर आली. वादळाचं नाव सेंदोंग. मिंदानाओला वादळं क्वचित लागतात, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. लुंबियाच्या हवामान केंद्रावर चोवीस तासांत सुमारे १८० मिलिमीटर पाऊस झाला, आणि बुकिदनोनच्या डोंगरांवर पडलेलं पाणी झाडांच्या ओंडक्यांसकट लोक झोपेत असताना खाली उतरलं. मी सांगलीची आहे, पुराला मी घाबरत नव्हते. कृष्णेचं पाणी दिवसेंदिवस चढतं, आयर्विन पुलाचे आकडे रोज कळतात, गाद्या माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. इथे काही तासांत सगळं संपलं. इस्ला दे ओरो, काला-काला, म्हणजे नदीच्या गाळाच्या बेटांवरच्या गरिबांच्या वस्त्या, धुऊन गेल्या. या शहरात, शेजारच्या इलिगानमध्ये आणि आसपास मिळून बाराशेहून जास्त माणसं गेली.

आमचं भाड्याचं घर चढावर होतं म्हणून आम्ही कोरडे राहिलो. जानेवारीत शाळा उघडली तेव्हा मुलीच्या वर्गात दोन बाकं रिकामी होती. ती सहा वर्षांची, रोज विचारायची. वर्गशिक्षिकेने त्या मुलींची नावं हजेरीतून काढली नव्हती, महिनाभर ती रोज घेत होती. शेजारच्या मानांगबरोबर (थोरल्या बाईला इथे असं म्हणतात) मी कपडे वाटायला जात होते, त्या दिवसांत मी बिसाया शिकले आणि त्या दिवसांतच हे शहर माझं झालं. हे बोलायला संकोच वाटतो, कारण इतरांच्या दुःखातून माझा इथला मुक्काम पक्का झाला.

म्हणून घराबद्दल स्पष्ट सांगते. इसालिना पुलाच्या आसपास नदीकाठची घरं सुंदर दिसतात आणि भाडंही परवडतं. ती घेऊ नका. जपानच्या मदतीने पूरभिंतीचं काम झालंय, तरीही नको. जानेवारी २०१७ मध्ये शहरात पुन्हा पाणी शिरलं होतं. वरच्या अंगाला, लुंबियाच्या दिशेने बघा. मोतोरेलाचा (इथली रिक्षा) आणि जीपनीचा (जीपसारखी छोटी बस) प्रवास वाढेल, वाढू दे. घरमालकाला नका विचारू, शेजारच्या किराणावालीला विचारा, सेंदोंगला पाणी कुठपर्यंत होतं. ती भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

एकटेपणाचं विचारलंत. पहिलं वर्ष वाईट जातं, मग निभून जातं. मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, गणपती घरच्या घरी. शेवग्याचा पाला इथे दारोदारी असतो, त्याला मालुंगाय म्हणतात, मूगही मिळतात, तुरीची डाळ मात्र येताना आणा. यापलीकडे त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते ऑगस्ट २०१९ चं. सांगलीत आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, आई-बाबा गावभागात अडकले आणि मी इथे फोनवर. तिकीट काढते म्हटलं तर बाबा म्हणाले, येऊन काय करशील, रस्तेच बंद आहेत. खरंच बंद होते. त्यांना नातेवाइकांनी विश्रामबागेत हलवलं. पण परदेशी जायचं म्हणजे काय, तर आपल्या माणसांच्या दारात पाणी आल्यावर दुसऱ्यांनी त्यांना हलवायचं, हे मला तेव्हा कळलं. बाबा आता नाहीत. आई इथे यायला तयार नाही. मुलगी इथल्याच सेबू शहरात, दुसऱ्या बेटावर शिकते आणि सुट्टीला 'घरी' येते ती इथे. परत जायचं का, हा विषय आमच्याकडे दर डिसेंबरात निघतो आणि तसाच राहतो.

तेव्हा यावं की नाही हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुमच्या आईवडिलांजवळ कोण आहे, रात्री दोन वाजता फोन केला तर कोण जाईल, त्या माणसाचं नाव आधी ठरवा आणि त्याच्याशी बोलून घ्या. मग घर बघा. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे एप्रिलपर्यंत पोचलात तर मुलाला शेजारच्या पोरांत मिसळायला दोन महिने मिळतील. प्रवेशअर्ज हातात आला की मला पाठवा, मधल्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं ते मी बघून देते.