घडी उलटणारा लॅपटॉप: दीड लाख घालावेत का?

प्रश्न : मुलगी पुण्यात आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. पडदा ३६० अंशांत फिरणारा, पेन चालणारा महागडा लॅपटॉप घ्यावा का? – एक पालक, कोथरूड

उत्तर : ती रोज पेनाने रेखाटणार असेल तरच. १४ इंची यंत्राचं वजन साधारण १.३ ते १.५ किलो भरतं. टॅबसारखं हातात धरून काम होत नाही, टेबलावरच ठेवावं लागतं. पातळ बांध्यात बहुधा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड (चित्रांचं जड काम उचलणारा वेगळा भाग) नसतं. स्केचअप या त्रिमितीय आराखड्यांच्या सॉफ्टवेअरची साधी मॉडेल्स चालतील, पण मोठं रेंडरिंग (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं) रडतखडत होईल, आणि पुढच्या वर्षांत तेच वाढतं. रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) बहुतेकदा आतल्या मुख्य बोर्डवरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच ३२ जीबी घ्या. एसएसडी (फाइली साठवणारा भाग) मात्र पुष्कळदा बदलता येते.

दुकानात पट्टी टेकवून पेनाने तिरकी रेघ अगदी सावकाश ओढून पाहा. रेघ नागमोडी आली तर ते यंत्र रेखाटनाला नको. टचचा पडदा काचेसकट चिकटवलेला असतो, फुटला की अख्खा बदलावा लागतो. त्यामुळे अपघाती नुकसान भरून देणारी वॉरंटी घ्याच.

आमचं मत : याच पैशांत ग्राफिक्स कार्डवाला साधा लॅपटॉप आणि वेगळा पेन टॅब्लेट (लॅपटॉपला जोडून पेनाने रेखाटायची पाटी) घ्या.