गेले म्हणायचं की घालवले म्हणायचं?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, एमए हिस्टरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज बसनं बेळगावला येऊन जाऊन करायलेय. डिसर्टेशनला मी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत काळ्या लोकांवर जमावानं केलेले हल्ले आणि त्यानंतरचं त्यांचं स्थलांतर हा विषय घेतलाय. घरचे म्हणतात इथं बसून अमेरिकेचं काय शोधणार, गाईड सर म्हणतात आधी सोर्स दाखव मग बघू. आणि विल्मिंग्टन शहरातल्या १८९८ च्या हल्ल्याचं वाचायलेय तर एकीकडं मेलेल्यांचा आकडा १४ आणि दुसरीकडं ६०, मग कुठला धरायचा? मोबाईलवर पन्नास टॅब उघडून बसलेय, सुरुवात कुठनं करू तेवढं सांगा.

उत्तर : बाळ, विषय सोडू नकोस. सोर्स आहेत, भरपूर आहेत, आणि त्यातले कितीतरी घरबसल्या फुकट वाचता येतात, ते पुढं सांगते. पण तुझ्या पत्रातल्या एका शब्दावर मी अडले, तो म्हणजे स्थलांतर.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यात वाढले. शाळेच्या वाटेवर एक जळका वाडा होता, तुळया काळ्या पडलेल्या, चौकात एरंड माजलेला, परसातला आड तेवढा चांगला होता आणि त्याचं पाणी सगळी आळी भरायची. वाडा कुणाचा म्हणून विचारलं की मोठी माणसं म्हणायची, होते एक, ते पुण्याला गेले. एवढंच. कॉलेजला गेल्यावर मला कळलं की गांधीजींच्या खुनानंतर अठ्ठेचाळीस साली आपल्या या भागात ब्राह्मणांची घरं जाळली त्यातला तो वाडा, आणि जाळणारे बाहेरचे कुणी नव्हते, त्यातल्या काहींनी मला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेलं होतं. त्या 'गेले' या एका शब्दात सगळं गाव लपून बसलं होतं गं. आता त्या कुटुंबाला पुण्यात नातेवाईक होते, शिक्षण होतं, जमिनीचे कागद होते, अमेरिकेतल्या काळ्या माणसाकडं यातलं जवळजवळ काहीच नव्हतं, त्यामुळं दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नकोस. पण शब्दाची ती खोड दोन्हीकडं सारखीच आहे. आपल्याकडची पोरं गोव्याला, मुंबईला जगायला जातात ते स्थलांतर. घर पेटवल्यावर माणूस परागंदा होतो, त्याला वेगळा शब्द आहे, तो वापर.

आणि 'दंगल' हा शब्दसुद्धा तपासून घे. मे १८६६ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात तीन दिवस जे झालं त्याला त्यावेळी बहुतेकांनी रायट म्हटलं. मेले किती तर ४६ काळे आणि २ गोरे. ९१ घरं, १२ शाळा, ४ चर्चेस जाळली, आणि जमावात शहराचे पोलीस होते, आग विझवायचे बंबवालेपण होते! याला दंगल कसं म्हणायचं, दंगलीला दोन बाजू लागतात.

सुरुवात मात्र मेम्फिसपासनंच कर, कारण तो मे महिना संपायच्या आत अमेरिकन काँग्रेसची समिती तिथं पोचली होती आणि तिनं साक्षी घेतल्या. धुणी धुणाऱ्या बाया, हमाल, नुकतेच सैन्यातनं सुटलेले शिपाई, सगळे बोललेत, कुणाचं घर, आत काय सामान होतं, कोण आत शिरलं, काय नेलं. बलात्कार झालेल्या पाच बायकांची नोंद सरकारी रिपोर्टात आहे, त्या काळात काळ्या बाईचं हे म्हणणं सरकारी कागदावर चढणं किती अवघड होतं ते तूच विचार कर. पुढं १८७१-७२ ला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त, हिंसक संघटनेच्या चौकशीचे १३ खंड झाले. आणि तुझ्या विषयाला सगळ्यात जवळचं म्हणजे १८८० ची सिनेटची चौकशी. १८७९ मध्ये लुइझियाना, मिसिसिपी भागातनं हजारो काळी माणसं कॅन्ससकडं निघाली, ती का निघाली हे शोधायला ही समिती नेमलेली.

त्यातली हेन्री ॲडम्सची साक्ष वाचच. हा माणूस जन्मानं गुलाम, नंतर सैन्यात होता. तो सांगतो, १८६५ च्या डिसेंबरात रस्त्यानं चाललो होतो, चार गोरे भेटले, एकानं विचारलं तू कुणाचा? मी म्हटलं कुणाचाच नाही. तेवढ्यावर त्यांनी काठीनं मारायला सुरुवात केली, म्हणाले कुणाचाच नाही असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मारून टाकणार. आपल्या खेड्यात म्हातारी माणसं पोराला विचारतात की, कुणाचा रे तू, आणि त्यात माया असते, पोरगं बापाचं नाव सांगतं. तिथं त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मालकाचं नाव. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढं वाचवलं नाही, दुसऱ्या दिवशी परत बसले. याच ॲडम्सनं आणि त्याच्या सोबत्यांनी मळ्यामळ्यात जाऊन लोकांची हालत बघितली, राजकारणी माणसाला आपल्यात घेतलं नाही, आणि गाव सोडायला तयार असलेल्यांची नावं गोळा केली, ती त्याच्या सांगण्याप्रमाणं ९८ हजार होती. म्हणजे ही माणसं नुसती जीव घेऊन पळत नव्हती, बसून, बोलून, ठरवून निघत होती. सिनसिनाटीतपण तेच दिसतं. ओहायोत १८०७ च्या कायद्यानं काळ्या माणसाला राहायचं तर ५०० डॉलरच्या जामीनपत्राची अट होती, १८२९ मध्ये ती अचानक लावायचं ठरलं तेव्हाच तिथल्या काळ्या लोकांनी कॅनडात जागा बघायला माणसं पाठवली, ऑगस्टमध्ये जमावानं हल्ले केले, आणि हजाराच्या वर लोकांनी शहर सोडलं. काहींनी कॅनडात विल्बरफोर्स नावाची वस्ती केली. जाणं लादलेलं होतं पण कुठं आणि कसं जायचं हे त्यांनी ठरवलं, तुझ्या लिखाणात या दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत असं मला मनापासनं वाटतं.

आता तुझा १४ की ६० चा प्रश्न. १० नोव्हेंबर १८९८ ला विल्मिंग्टनमध्ये गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं काळ्या लोकांचा पेपर जाळला, निवडून आलेलं शहराचं सरकार बंदुकीच्या धाकानं उतरवलं. १४ हा आकडा कॉरोनरच्या पंचनाम्यांचा, म्हणजे जी प्रेतं त्याच्यासमोर आली तेवढीच. ज्यांना घरच्यांनी गुपचूप पुरलं त्यांचा पंचनामा कोण करणार, बायका पोरं तर थंडीत दलदलीत लपली होती. म्हणून एकच आकडा धरू नकोस, दोन्ही लिही आणि कुठला आकडा कुणी कसा मोजला ते लिही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेलेल्यांची मोजणी. नॉर्थ कॅरोलायना राज्यानं नेमलेल्या आयोगाचा रिपोर्ट २००६ ला आला, त्या कामात १८९७ ची आणि १९०० ची सिटी डिरेक्टरी शेजारी ठेवून बघितलीय. या डिरेक्टरीत नाव, धंदा, पत्ता असतो आणि काळ्या माणसाच्या नावापुढं खूण असते. पहिल्या वहीत न्हावी आहे, सुतार आहे, दुसऱ्या वहीत त्या नावाची ओळच नाही! हे काम तुलापण करता येईल, या डिरेक्टऱ्या स्कॅन केलेल्या मिळतात.

जनगणनेवर फार भिस्त ठेवू नकोस. १८५० आणि १८६० ला गुलामांच्या याद्यांत नाव नाही, नुसतं वय, लिंग आणि रंग, मालकाच्या नावाखाली. नावानं ही माणसं पहिल्यांदा १८७० ला दिसतात, आणि १८९० चे बहुतेक सगळे कागद १९२१ च्या आगीत जळाले किंवा खराब झाले आणि उरलेले पुढं नष्ट केले. ही पोकळी फ्रीडमेन्स ब्युरो, म्हणजे सुटलेल्या गुलामांसाठी काढलेलं सरकारी खातं, त्याचे कागद आणि त्याच लोकांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेच्या वह्या थोडी भरून काढतात. बँकेत खातं उघडताना जन्म कुठला, वाढला कुठं, जुना मालक कोण, आई बाप भाऊ बहीण कुठं आहेत असं विचारून लिहून घेतलेलं असतं, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर हे फुकट बघता येतं, लॉगिन तेवढं करावं लागतं. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या ऑनलाइन संग्रहात मिळतात.

प्रश्न : बाई, मी निपाणीचा, रिटायर्ड माणूस. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामी तर संपली होती की मग त्यानंतर हे हल्ले वाढले कसे?

उत्तर : काका, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत. 'गुलामगिरी' १८७३ ची. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानात कोलफॅक्सच्या कोर्टाच्या इमारतीत काळी माणसं अडकली होती, त्यातल्या कितीतरी जणांना शरण आल्यावर मारलं, आणि थोडे जे दोषी ठरले ते १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टातनं सुटले. तो निकाल फुल्यांनी अर्पणपत्रिका लिहिल्यावर तीन वर्षांनी आला.

कारण असं आहे की गुलाम मेला तर मालकाचं नुकसान व्हायचं. मोकळा माणूस मत देतो, मजुरी मागतो, दुकान टाकतो, त्याचं ओझं समोरच्याला वाटतं. १८९२ चं मेम्फिस बघा, थॉमस मॉस नावाच्या काळ्या पोस्टमननं आणखी काहींबरोबर किराणा दुकान काढलं, जवळच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटलं, भांडण झालं, आणि मॉससह तिघांना तुरुंगातनं बाहेर काढून गोळ्या घातल्या. मरताना मॉस म्हणाला, माझ्या माणसांना सांगा पश्चिमेला जा, इथं न्याय नाही. आयडा बी वेल्स त्याची मैत्रीण, ती पेपर चालवायची, तिनं ते छापलं आणि हजारो लोक ओक्लाहोमाकडं निघाले. शहरातल्या ट्रामवाल्या कंपनीची माणसं तिच्या ऑफिसात आली, तुमचे लोक ट्राममध्ये बसेनात, काहीतरी सांगा म्हणून! पुढं तिचं ऑफिस मोडून टाकलं, ती परत त्या शहरात राहू शकली नाही. पण तिनं देशभरच्या लिंचिंगची, म्हणजे जमावानं परस्पर जीव घेतल्याची मोजदाद केली आणि आकडे मुद्दाम गोऱ्यांच्याच पेपरातले घेतले, म्हणजे फुगवून सांगितलं असं कुणाला म्हणता येऊ नये. खानापूरच्या माझ्या विद्यार्थिनीनं हीसुद्धा पद्धत बघून ठेवावी.

प्रश्न : मराठीत लिहिताना 'निग्रो' चालेल का? जुन्या पुस्तकांत तोच शब्द आहे. (एक शिक्षक, चिकोडी)

उत्तर : नको सर. आज तो शब्द टोचतो, काळे, कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन लिहा. कुणाचं वाक्य जसंच्या तसं देत असाल तर मूळ शब्द राहू द्या, तिथं बदलू नका. शोधताना मात्र जुने शब्द टाकावेच लागतात, नाहीतर काहीच सापडत नाही. मासॅकर टाकलं तर एखाद दुसरी बातमी येते, तेच रायट, आउटरेज, कलर्ड टाकलं की ढिगानं येतात. ब्युरोच्या अधिकाऱ्यांनी खुनांच्या याद्यासुद्धा 'मर्डर्स अँड आउटरेजेस' याच नावानं ठेवल्यात. मी एक वही केलीय, डाव्या बाजूला शब्द, उजवीकडं त्या शब्दानं कुठल्या तारखेचा कुठला पेपर सापडला ते, त्यामुळं दोन महिन्यांनी परत तेच शोधत बसावं लागत नाही.