न बोलणारा मुलगा ताट भिरकावतो, टॅबलेट काढून घेतला की हाताला चावतो. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यातल्या दिव्यांग मुलांच्या केंद्रात 13 वर्षांचा ऑटिझम असलेला मुलगा आहे, तो बोलत नाही. बोलण्यासाठी देणगीत मिळालेल्या टॅबलेटवर फक्त व्हिडिओ बघतो, काढून घेतला की मनगटाला चावतो, दुपारी ताट फेकतो. म्हणून टॅबलेट कपाटात आहे. शिक्षा म्हणून तो किती दिवस ठेवावा?

एकही दिवस नको. पण आहे तसाच परतही देऊ नका. गोची अशी आहे की एकाच यंत्राकडून तुम्हाला करमणूक आणि बोलणं (चित्राचं बटण दाबलं की ॲप तो शब्द मोठ्याने म्हणतं) अशी दोन कामं हवी आहेत. करमणूक वेळेवर थांबवावी लागते. बोलणं हिसकावून घ्यायचं नसतं. व्हिडिओसाठी कुणाचा तरी जुना फोन मिळवा, टॅबलेटवरचं यूट्यूब बंद करा. तोवर ॲप पिनिंग वापरा, म्हणजे स्क्रीन एकाच ॲपवर अडकून राहते. ते सेटिंगमध्ये सिक्युरिटीखाली सापडतं. बाहेर पडताना पासवर्ड मागेल असंही तिथेच ठरवा, नाहीतर पोरं दोन दिवसांत वाट शोधतात.

आता वही. आठवडाभर चार रकाने भरा: वेळ, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, लगेच आपण काय केलं. ‘चिडला’ असं लिहू नका. ‘कान झाकले, ताट उजवीकडे फेकलं’ असं लिहा. चौथा रकाना लोक टाळतात, कारण त्यात आपण असतो. उत्तर बहुतेकदा तिथेच सापडतं. ताट फेकल्यावर त्याला पडवीत नेऊन बसवत असाल, तर त्याच्या हिशेबाने फेकणं कामाला आलं: गलका, स्टीलचा खणखणाट, पत्र्यावरचा पाऊस, सगळ्यातून सुटका. फेकाफेक फक्त सुकटाच्या दिवशी दिसली तर वासाकडे बघा. आणि हे वागणं अचानक वाढलं असेल तर आधी डॉक्टर: दात, कान, बद्धकोष्ठता, फिटच्या औषधातला बदल. ‘दुखतंय’ म्हणता येत नसेल तर माणूस दुसरं काय करणार?

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये चार मुलांवर केलेल्या अभ्यासातून हेच दाखवलं. वागण्यामागचा हेतू ओळखून त्याच हेतूचं वाक्य शिकवलं की ते वागणं घटतं. हेतूशी संबंध नसलेलं वाक्य शिकवून फरक पडत नाही. म्हणून वही आधी.

समजा हेतू सुटकेचा निघाला. मग ‘बास’ एवढा एकच शब्द घ्या. दोन माणसं लागतील, एक समोर, एक मागे. कान झाकणं, डोलणं अशी पहिली खूण दिसली की मागच्याने कोपराला हलका स्पर्श करून हात बटणाकडे वळवावा. बोट धरून दाबून घेऊ नये. बटण वाजलं की दोन-तीन सेकंदांत ताट उचला आणि त्याला बाहेर जाऊ द्या, दोनच घास झाले असले तरी. ‘मग हा जेवणार कधी?’ असं स्वयंपाकाच्या मावशी विचारतीलच. अर्ध्या तासाने पडवीत पेज किंवा आंबोळी द्या. दहा-बारा दिवस हे बिनचूक चाललं की ‘थांब’चं कार्ड आणा: आधी 5 सेकंद, मग 10, मग आणखी एक घास. पहिल्याच दिवशी ‘पाच घास खा, मग बास’ केलंत तर बटण खोटं ठरतं आणि ताट परत उडतं.

फेकून काही मिळेनासं झालं की ते आधी वाढतं. अशा वेळी एकाने जरी दया येऊन जुन्या पद्धतीने सोडलं, तर तो ‘जास्त जोरात फेकायचं’ एवढंच शिकतो. तेवढे दिवस हलकं मेलामाइनचं ताट ठेवा. चावण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. न ओरडता तोंड आणि मनगटाच्या मध्ये छोटी उशी सरकवा. दाबून धरणं, कोंडणं, जेवण तोडणं नाही म्हणजे नाही.

ॲप निवडताना मराठी आवाज, स्वतःचे फोटो टाकायची सोय आणि नेटशिवाय चालणं या तीन गोष्टी बघा. आयआयटी मुंबईचं जेलो मोफत आहे आणि मराठीत आहे, तिथून सुरुवात करा. मराठी आवाज उतरवून घ्या आणि एअरप्लेन मोड लावून तपासा. नाहीतर जुलैत टॉवर गेला की टॅबलेट मुका. पहिल्या पानावर सहा ते आठच चित्रं ठेवा आणि त्यांच्या जागा बदलू नका, कारण बोट जागा लक्षात ठेवतं. नुसतं पाणी, भात, बिस्किट नको. नको, बास, आणखी, मदत, बाहेर, दुखतंय हेही हवं. घरी ‘आये’ म्हणत असतील तर बटणानेही ‘आये’च म्हणावं. ‘दाखव, पाणी कुठंय’ अशी परीक्षा घेऊ नका. तुम्ही बोलताना स्वतः त्या बटणांवर बोट ठेवा, मग मनात दहा मोजेपर्यंत गप्प बसा. आपल्याला हेच जमत नाही.

‘बटणाची सवय लागली की तो बोलणार नाही’ असं पालक म्हणतील. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी 2006 मध्ये अशा साधनांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात भक्कम पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं.

व्हिडिओ गाण्याच्या मध्ये तोडू नका, गाणं संपल्यावर थांबवा. त्याआधी ‘आधी-मग’ची पट्टी (आधी हे, मग ते, अशी दोन चित्रं) दाखवा आणि पुढची वस्तू हातात द्या.

टॅबलेट चार्जिंगला असेल तेव्हा कागदी तक्ता लागतोच, आणि आपल्याकडे तो दमटपणाने मरतो. चित्र कापून मग लॅमिनेट करा आणि चारी बाजूंना 5 मिलिमीटर प्लास्टिकची कड सोडा. चित्राच्या काठाला कापलं की पाणी आत शिरतं. वेल्क्रोचा गोंद आषाढात सुटतो, म्हणून एका बाजूची कड जास्त रुंद ठेवा, तिथे भोक पाडून कार्डं कडीत ओवा. भोक चित्रात नको. टॅबलेटच्या चार्जिंगच्या भोकात ओल असल्याची सूचना आली तर पंख्याखाली ठेवा, चुलीजवळ नको. आणि ओल्या बोटांना काच नीट दाद देत नाही, म्हणून जेवताना शेजारी सुकं फडकं.

पुढच्या मुलांसाठी देणगीची वाट बघत बसू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला 18 वर्षांपर्यंत योग्य सहाय्यक साधनं मोफत देण्याची तरतूद आहे. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडून गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुका पातळीवरच्या केंद्रात, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कडीतल्या कार्डांचा दुसरा संच घरी पाठवा, गणपतीच्या निदान तीन आठवडे आधी. मुंबईकर आले, घर भरलं, झांजा सुरू झाल्या की ‘बाहेर’ मागायची वेळ पहिल्याच आरतीला येते, आणि ते कार्ड काकालाही ओळखता यायला हवं.